मांडीवर रेग्युलेटर: बेळगाव ते अंदमान

निघायच्या आदली संध्याकाळ, उद्यमबाग

बॅगा शेवटी कारखान्यातच भरल्या. घरी शहापुरात खात्रीचा काटा नाही, आणि इथं कास्टिंग तोलायचा काटा पन्नास ग्रॅमचा फरकही दाखवतो. कामगार घरी गेल्यावर लेक आणि मी लेथच्या बाजूला चादर अंथरून सगळं सामान मांडून बसलो.

हायड्रॉलिकचे सुटे भाग करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. व्हॉल्व्ह, ओ-रिंग, प्रेशर गेज हे माझे रोजचे शब्द. सेहेचाळिसाव्या वर्षी मुरुडेश्वरच्या नेत्राणी बेटापाशी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, तेव्हा मासे नंतर बघितले. आधी तोंडातल्या त्या यंत्राकडेच, म्हणजे रेग्युलेटरकडे, लक्ष लागलं होतं. टाकीतली दोनशे बार दाबाची हवा दोन टप्प्यांत उतरवून, आपल्याला हवी तेव्हा आणि हवी तेवढीच द्यायची. असं काम करणाऱ्या वस्तूबद्दल मला मनापासून आदर वाटतो. म्हणूनच स्वतःचं सामान घेतलं. आता लेकीनंही गेल्या वर्षी स्कूबा डायव्हिंगचा कोर्स पुरा केला, तेव्हा दोघांचं सामान घेऊन अंदमानला जायचं ठरलं.

आमचा जुना टर्नर सगळ्यांत शेवटी निघाला. सामानाकडे बघून म्हणाला, "आणि टाकी कशी नेतासा वो मालक, विमानातनं?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. टाकी न्यायचीच नसते. दाबाखाली हवा भरलेली टाकी विमानात चालत नाही. न्यायचीच झाली तर पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा ठेवावा लागतो, आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामीसुद्धा चौदा किलोच्या आसपास भरते. टाकी आणि कमरेची शिशाची वजनं डाइव्ह सेंटरवर मिळतात. ती तिथंच घ्यावीत. शिसं एक्स-रेत आरपार दिसत नाही, त्यामुळे ते बॅगेत घातलं तर बॅग उघडली जाणार हे धरूनच चाला.

माझं वजन असं भरलं: हवेचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, 3.4 किलो, फिन्स 1.9, तीन मिलिमीटरचा वेटसूट 1.6, बूट 0.8. बॅगेचं स्वतःचं 3.2 किलो. वर कपडे, दोरीची रीळ आणि बोथट टोकाचा छोटा सुरा. एकूण 14.6. आमच्या तिकिटावर खाली टाकायच्या बॅगेला 15 किलो होते आणि हातातल्या बॅगेला 7. हातातल्या बॅगेत रेग्युलेटर, मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च आणि बॅटऱ्या. ते 6.2 भरलं.

सुरा, कात्री, दोरी कापायचं कटर, पाने-पकडी हे सगळं खालच्या बॅगेत टाकायचं. तपासणीत बॅग चाचपणाऱ्याचा हात कापू नये म्हणून पातं म्यानात घालून वर जाड कापड गुंडाळायचं. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावायची किंवा सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. टॉर्चमधला सेल बाहेर काढायचा, कारण पाण्याखालचा टॉर्च कोरड्यात चुकून चालू राहिला तर भयंकर तापतो. मर्यादा 100 वॅट-अवरची असते. व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणलं की झालं. आमच्या टॉर्चचा सेल 3.7 व्होल्ट आणि 3 अँपिअर-अवरचा, म्हणजे 11.1. पॉवर बँकेवरचे आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवा. आकडे वाचता आले नाहीत तर तपासणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

पहिला दिवस, सांबरा

आईनं दह्याची कवडी हातावर ठेवली आणि लेकीला विचारलं, "एवढं सगळं घालून पाण्यात जातासा, मग वर कसं येतासा गं?" लेकीनं जॅकेट फुगवून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे भोपळाच की हा." तिच्या माहेरी, खानापूरकडच्या खेड्यात, पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची.

फेब्रुवारीतली सकाळ. सांबऱ्याच्या वाटेवर शेतांत अजून धुकं होतं आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्राकडून पळायला निघालेली पोरं ओळीनं चालली होती. विमानतळ छोटा असल्यानं गर्दी नव्हती आणि सगळं निवांत चाललं होतं. मला हे आवडतं, कारण इथं तपासणाऱ्याला विचारायला वेळ असतो आणि आपल्याला सांगायला.

माझी बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि थांबली. परत मागं, परत पुढं. पडद्यावर बसलेल्यानं दुसऱ्याला बोलावलं.

"इदु एन्री?" हे काय, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

बोट रेग्युलेटरवर असेल असं मला वाटलं. ते होतं कुंद्याच्या डब्यावर. डाइव्ह सेंटरच्या लोकांसाठी एक किलो कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेतला होता. घट्ट, एकसारखा ठोकळा, पडद्यावर त्याच्या आतलं काही दिसत नाही. डबा उघडला आणि वास आला, तसा तो कर्मचारी हसला आणि झाकण त्यानं स्वतःच लावलं. मग रेग्युलेटरची पाळी आली. मी तो आधीच वेगळ्या गोल मऊ पिशवीत ठेवला होता. ती पिशवी तशीच उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि चेन उघडली.

"नीरोळगे उसिराडोदक्के," मी म्हणालो. पाण्यात श्वास घ्यायला.

त्यानं फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीला लागणारा पहिला टप्पा, हातात घेतला, उलटा-पालटा केला. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला तो लहानसा ठोकळा हातात घेतला की जड लागतो, आणि त्याला चार काळ्या नळ्या. मी एकेक नळी दाखवत गेलो: ही तोंडात, ही सोबत्याला हवा कमी पडली तर त्याच्यासाठी, ही जॅकेटला, आणि हे गेज. गेजचा काटा शून्यावर होता, तो मुद्दाम दाखवला. शून्य म्हणजे आत दाब नाही, गॅस नाही. शंका तीच असते आणि ती रास्त आहे. त्यानं तोंडात धरायच्या दुसऱ्या टप्प्याचं बटण दाबून बघितलं. काही आवाज आला नाही. मान हलवली. मग मराठीत विचारलं, "खाली अंधार असतोय काय वो?" तो गोकाककडचा निघाला. घटप्रभेत पोहत मोठा झालेला. मी सांगितलं की वीस मीटरवरही उजेड असतो, पण लाल रंग दिसेनासा होतो. लाल वस्तू खाली काळपट दिसते. हे त्याला फार नवल वाटलं. मागं रांग लागली नसती तर त्यानं आणखी विचारलं असतं.

इथं मनापासून एक सांगतो. तुमच्या सामानातल्या प्रत्येक वस्तूसाठी समोरच्याच्या भाषेत एक वाक्य तयार ठेवा. "स्कूबा इक्विपमेंट" म्हणून भागत नाही. "पाण्यात श्वास घ्यायचं यंत्र, आत गॅस नाही, हा बघा काटा" एवढं म्हटलं की दोन मिनिटांत काम होतं. घाई, आवाज चढवणं, "अहो, दर वेळी नेतो की" असलं काही करू नये. त्या माणसाला हे आयुष्यात पहिल्यांदाच दिसत असतं.

खरी अडचण आली ती विमानाच्या जिन्यापाशी. आमचं विमान पंख्याचं, एटीआर. त्याचे वरचे कप्पे लहान, त्यामुळे चाकांच्या बॅगा जिन्याजवळच काढून घेऊन सामानात टाकत होते. माझी बॅगही मागितली. म्हणजे बॅटऱ्या आणि रेग्युलेटर दोन्ही पोटात जाणार! मी बाजूला झालो, बॅग उघडली, रेग्युलेटरची गोल पिशवी आणि बॅटऱ्यांची डबी बाहेर काढली, मग बॅग दिली. अर्धं मिनिट लागलं. बेळगाव-बेंगळूर असो की आणखी कुठला छोटा टप्पा, ही तयारी ठेवाच. बॅटऱ्या एका डबीत, रेग्युलेटर एका पिशवीत, दोन्ही सगळ्यात वर. बेंगळूरपर्यंत रेग्युलेटर माझ्या मांडीवर नाहीतर पायाशी होता.

दुसरा दिवस, बेंगळूर ते स्वराज द्वीप

रात्र बेंगळूरला काढली. पहाटे बॅगा दिल्या आणि कॉफीचा पहिला घोट घेतोय तोच लेकीच्या नावाचा पुकारा झाला. तिच्या बॅगेत लिथियम सेल दिसला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी टॉर्चचा जादा सेल तिनं "आत्ता ठेवते, मग काढते" म्हणून जॅकेटच्या खिशात टाकला होता आणि तो तिथंच राहिला. सांबऱ्याला तो सुटला, इथं सापडला. सोबत जाऊन बॅग उघडली, सेल काढला, बॅग बंद केली. पंचवीस मिनिटं गेली. विमान चुकलं नाही, पण कॉफी तशीच राहिली आणि लेक गप्प झाली. तिला म्हटलं, सेल त्यांना सापडला हे बरंच झालं. सामानाच्या कप्प्यात पेटलेली बॅटरी विझवायला कुणी नसतं. वर केबिनमध्ये निदान माणसं असतात. नियम त्यासाठीच आहे. तेव्हापासून आम्ही जॅकेटचे खिसे उलटे करूनच जॅकेट बॅगेत भरतो.

श्री विजयपुरम, म्हणजे सप्टेंबर 2024 पर्यंतचं पोर्ट ब्लेअर. उतरल्यावर पहिली जाणीव हवेच्या ओलीची. बेळगावची फेब्रुवारीतली कोरडी हवा अंगावरून जाते, इथली चिकटून बसते. बोटीनं दुपारनंतर स्वराज द्वीप, जुनं हॅवलॉक. गोविंदनगरच्या बाजारात एका बंगाली मावशींकडे जेवलो. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटावर जमिनी दिल्या. त्या मावशींचे सासरे त्यांतलेच. मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण आणि उकडा भात. आम्ही कोकम-नारळाच्या आमटीवर वाढलेली माणसं. मोहरीचा तिखटपणा पहिल्या घासाला नाकात गेला, दुसऱ्या घासापासून आवडला. मावशींना कुंदा दिला. त्यांनी तो बोटानं चेपून बघितला, जिभेवर ठेवला आणि विचारलं, "दूध कितना जलाया?" दूध आटवणाऱ्या माणसाचाच हा प्रश्न. रंग त्या जळण्यातूनच येतो, हे त्यांनी न सांगता ओळखलं.

तिसरा आणि चौथा दिवस, पाण्याखाली

सकाळी साडेसहाला बोट. समुद्र काचेसारखा, पाणी अठ्ठावीस अंश. सामान जोडताना लेकीचा हात थांबला: टाकीच्या तोंडाची ओ-रिंग एका जागी चिरली होती. सेंटरच्या पोरानं लगेच बदलून दिली. ती तिनं स्वतःहून बघितली, याचं मला किती बरं वाटलं ते इथं लिहितोच. कारखान्यात मी लहानपणापासून तिला एकच गोष्ट दाखवत आलोय, की दाबाखालचं काम रबराच्या एवढ्याशा कड्यावर उभं असतं.

दोन दिवसांत पाच बुड्या मारल्या. त्यातली एकच सांगतो. चौदा मीटरवर प्रवाळाच्या खडकापाशी लेक गुडघे दुमडून तरंगत होती. समोर एक कासव खडकाला चिकटलेलं काहीतरी ओरबाडून खात होतं आणि त्याच्या जबड्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्या आवाजाखेरीज दोनच आवाज: तिचा श्वास आणि माझा. तिच्या रेग्युलेटरमधून बुडबुडे सारख्या अंतरानं वर जात होते, घाईत एकही नाही. कारखान्यात मी पंपाचा आवाज ऐकूनच तब्येत ओळखतो. तसंच पाच मिनिटं तिचं श्वास घेणं ऐकत राहिलो.

शेवटची बुडी चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला संपवली. मुद्दाम.

पाचवा दिवस, न उडायचा

बुडी मारताना रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यांत, मज्जारज्जूत कुठंही अडकू शकतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तितका असतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा: डीकंप्रेशनची, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवर थांबत यायची, गरज नसलेली एकच बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान 18, आणि डीकंप्रेशनची बुडी असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. आम्ही जवळजवळ दोन दिवस ठेवले.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या लोकांनी पुढचं नीट वाचावं. हा सल्ला 610 मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे गोव्यात सकाळी ग्रँड आयलंडला बुड्या मारून संध्याकाळी गाडीनं चोर्ला घाट चढणं हेसुद्धा याच हिशेबात येतं. घाटात चिप्सचं पाकीट फुगतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तोच दाब आपल्या अंगावरूनही उतरत असतो. पहिली तीन वर्षं मी नेत्राणीहून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी यायचो, सकाळी कारखाना उघडायचा म्हणून. काही झालं नाही, पण ते माझ्या शहाणपणामुळे नाही. विमानात बसणार नाही म्हणून हा नियम आपल्याला नाही, असं कुणीही धरू नका.

न उडायचा दिवस सामान वाळवायला कामी येतो. ओलं सामान दीड-दोन किलो जास्त भरतं. जॅकेटच्या आत पाणी शिरलेलं असतं. त्यात गोडं पाणी घालून हिंदकळायचं, उलटं धरून खालच्या व्हॉल्व्हनं काढायचं, आणि मग थोडीशीच हवा ठेवून टांगायचं. विमानात भरताना पूर्ण फुगवलेलं ठेवू नये. वर गेल्यावर ते आणखी फुगतं. रेग्युलेटर धुण्याआधी फर्स्ट स्टेजची धूळटोपी कोरडी करून घट्ट बसवायची. आत गेलेल्या थेंबभर खाऱ्या पाण्यानं आतली स्प्रिंग गंजते.

बोटीनं श्री विजयपुरमला परत आलो, खोलीच्या गच्चीत सगळं वाळत घातलं आणि सेल्युलर जेल बघायला गेलो. 1906 साली बांधून झालेल्या सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर इथं 1911 ते 1921. कोठडीत उभं राहिलं की उंचावरचा झरोका दिसतो, समुद्र दिसत नाही. तीन बाजूंना समुद्र असून दिसत नाही. मार्सेलिसला समुद्रात उडी घेतलेल्या माणसाला इथं ठेवलं होतं, एवढंच लेक म्हणाली. मी तिला सांगितलं की 1950 मध्ये, स्वतंत्र भारतात, त्यांना आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगातही काही महिने ठेवलं होतं. हिंडलग्यावरून ती रोज कॉलेजला जाते. तिला हे माहीत नव्हतं. तुरुंगाच्या गच्चीवरून उतरताना दोघंही बोललो नाही.

सहावा दिवस, परत

इथल्या तपासणीत रेग्युलेटरकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. रोज असे शेकडो जात असतील. इथला प्रश्न वेगळा: "शंख, सीप, कोरल कुछ है?" प्रवाळ आणि कितीतरी शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळ उचललात तरी तो इथं काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते. आमच्या पुढच्या कुटुंबातल्या लहान मुलीच्या बाहुलीच्या पिशवीत पांढऱ्या प्रवाळाचे चार तुकडे सापडले. ती रडायला लागली. कर्मचारी बाई खाली बसल्या आणि तिला समजावलं की हे माशांचं घर आहे, परत पाण्यात ठेवायला लागतं. मुलीनं शेवटचा तुकडा स्वतःच्या हातानं दिला.

बेंगळूरला बॅग उघडून खिसे पुन्हा तपासले. संध्याकाळच्या एटीआरमध्ये रेग्युलेटर पुन्हा पायाशी. सांबऱ्याला उतरलो तेव्हा अंगाला गार वारा लागला आणि रिक्षावाल्यानं "कुठं जाऊया वो?" विचारलं, तिथं घर लागलं.

सातवा दिवस, शहापूर

अंगणात आईच्या पापडाच्या दोरीवर दोन वेटसूट, दोन जॅकेटं. परातीत गोड्या पाण्यात मास्क. आईनं रेग्युलेटर हातात घेऊन तोंडाचं रबर बघितलं. लेकीच्या दातांच्या खुणा त्यावर उमटल्या होत्या. "घट्ट धरलंस की गं," आई म्हणाली, आणि ते धुऊन तांब्याच्या घंगाळाशेजारी सावलीत ठेवलं. उन्हात रबर कडक होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी कारखान्यात टर्नरनं उरलेला कुंदा संपवला आणि गेज मागून घेतलं. अर्धा तास ते त्याच्या टेबलावर होतं.

एप्रिलमध्ये नेत्राणी. मुरुडेश्वरात या वेळी बुडीनंतरच्या रात्रीचीही खोली सांगून ठेवली आहे, आणि घाट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढायचा. कारखान्याची किल्ली टर्नरकडे असेल.